चौदा खटके

सकाळी केंडलमध्ये पाहिली ती
एकवीस हजार मैल चाललेली, अंगावर ओरखडा नाही.
कॅलम नावाच्या पोरानं बटण दाबलं
आणि पडद्यावर उमटलं एक हेल्मेट.
पुन्हा दाबलं : हेल्मेट आणि बॅग.
पुन्हा : दोन हेल्मेटं.
बस्स, म्हणाला, बाकी सगळं तिचं तिला कळतं.

श्रीरंग खूश. त्याला मागं बसायचं असतं,
आणि मागं बसणाऱ्याला गादी हवी, तत्त्व नको.
मी विचारलं, हा शॉकअप गेला तर?
सहसा जात नाही.
पण गेला तर?
नऊशे पौंड. मजुरी वेगळी.
टाकीवरची नसलेली धूळ पुसत त्यानं सांगितलं.

मी मागच्या सीटवर तळहात टेकून दाबलं.
कराडला बाबालाल मिस्त्री असंच करायचे,
विडी कानामागं, डोळे भलतीकडं,
गाडी दाबायची आणि सोडायची.
एकदा खाली, एकदा वर, मग गप्प :
तो शॉकअप खानदानी.
दुसऱ्यांदा वर आला की वाचाळ.
ही एकदाच वर आली. गप्प झाली.
खोट काढता येईना.
तरी म्हटलं, संध्याकाळी कळवते.

दुपारी कर्कबी स्टीफन. ओल्या मेंढ्यांचा वास,
आणि विल्फ टन्स्टलच्या गॅरेजात
तेच मॉडेल, वर्षानं थोरलं,
अडतीस हजार मैल, उजव्या पेटीला पोचा.
बटण नाही. सीटखाली काळी मूठ,
फिरवली की बोलते.
खट्. खट्.
ते तिला क्लिक म्हणतात, आम्ही खटका.
खटके आमच्याकडंही उडतात,
पण आम्ही ते लिहून ठेवत नाही.
विल्फनं ठेवले होते,
भिंतीवर, सुताराच्या पेन्सिलीनं :

एकटा, चार
मेव्हिस, नऊ
मेव्हिस, तंबू, स्टोव्ह, चौदा
मेव्हिस, ऑपरेशननंतर, सात
मेव्हिस, सहा

त्याखाली भिंत कोरी.

मी काही विचारायच्या आत
मेव्हिसच चहा घेऊन आली,
बारकी, पायात गमबूट, एका हातात तीन कप.
अकरा वर्षं, म्हणाली, हा माझं वजन
खाटकाच्या पाटीसारखं भिंतीवर लिहितोय.
विल्फ म्हणाला, एक खटका चुकला
तर खड्ड्यात ओरडायचं कोण? मी?
मग दोघंही गाडीकडं बघत राहिले,
आणि मी चहाकडं.

गाडी दाबून पाहिली.
खरं सांगते, वाचाळ होती.
दोनदा वर आली, तिसऱ्यांदाही जराशी,
गोष्ट संपल्यावर आणखी एक वाक्य बोलणाऱ्या माणसासारखी.
विल्फनं नाकारलं नाही.
तेल नवं, सील नवं, म्हणाला,
एकशे ऐंशीत उघडून, भरून देतात. दोनशे कमी दे.

परतताना श्रीरंग सेडबर्गपर्यंत बोलला नाही.
मग म्हणाला, दोन हेल्मेटं किती छान दिसत होती.
मी म्हटलं, त्या दोन हेल्मेटांत
मागचं कुणाचं, ते तिला ठाऊक नव्हतं.
तुझ्या वीस पौंडांच्या वाक्यासाठी, तो म्हणाला,
माझी कंबर जाणार.

महिन्याभरानं, शॉकअप दुरुस्त होऊन आल्यावर,
पहिल्यांदा दोघं निघालो.
पेट्रोलपंपावर मी सीटखाली हात घातला.
वजन किती तुझं?
अठ्ठ्याहत्तर, तो म्हणाला,
जॅकेटची चेन लावत, ढगांकडं बघत.
मी नऊ दिले.
पहिल्याच उखळ्या पुलावर
गाडीचं बूड असं बसलं
की रस्त्यानं शहाऐंशी उच्चारले, स्पष्ट.

हॉजला चिप्स घेतल्या. तो बाकावर बसला.
मी आणखी तीन दिले.
खट्. खट्. खट्.
त्यानं ऐकलं,
आणि काही न बोलता
चिप्सचं पाकीट माझ्याकडं सरकवलं.