धूर-धूर

मीटरच्या खोलीत ठिणगी पडली रात्री अडीचला
आणि सकाळी सातला आमचा शिपाई दळवी
बाकं उचलून मैदानात नेत होता.
सी विंगची माणसं आता शाळेत राहणार होती.
दुसरी ब मध्ये चौदा कुटुंबं.
फळ्यावर अजून माझंच अक्षर :
हातच्याची बेरीज.
कुणी पुसलं नाही.

माझी मुलं स्वतःच्याच वर्गात झोपू लागली,
दप्तरं नाहीत, वाटपातल्या एकसारख्या चादरी.
रिद्धेश रोज आपल्या बाकाच्या जागीच अंग टाकायचा,
खिडकीकडून तिसरा.
दुसऱ्या जागेवर कुणी चादर घातली नाही.
कुणी तसं ठरवलंही नव्हतं.

पालिकेच्या दवाखान्यातून एक बाई आल्या.
आम्हा शिक्षकांना बसवून म्हणाल्या,
मुलांना खरं सांगा, सोप्या शब्दांत सांगा.
गावाला गेला म्हणू नका.
झोपला तर मुळीच म्हणू नका,
मुलं झोपेला घाबरतात.
मी वहीत उतरवून घेतलं,
खाली दोन रेघा मारल्या.

संध्याकाळी झैनबने विचारलं, ओजस कुठेय?
मी म्हटलं, गावाला.
कुठल्या?
संगमेश्वर.
ती म्हणाली, पण त्याची आजी तर इथेच बसलीय,
मग तो कुणाकडे उतरला?

रात्री तिच्या उशाशी बसून सांगितलं.
ओजस मेला. तो परत येणार नाही.
एवढंच. याहून सोपे शब्द
नेहरूनगरात कुणाकडे असतील तर मला माहीत नाहीत.
झैनब म्हणाली, हो.
मग म्हणाली, उद्या खिचडी आहे की उसळ?
मला तिचा राग आला.
खोटं कशाला बोलू, आला.

पाचव्या दिवशी जिन्यात खेळ सुरू झाला.
नाव धूर-धूर.
एकावर राज्य, तो धूर. तो खालून येणार,
बाकीच्यांनी तोंडावर ओढणी धरून वर पळायचं,
शेवटच्या पायरीवर गच्चीचं दार.
दाराला कुलूप. चावी सेक्रेटरीकडे.
सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नसायचं.

आया धावल्या. अभद्र कुठले!
एकीने रिद्धेशच्या पाठीत धपाटा घातला
आणि मग तीच पायरीवर बसली, हात चोळत.
मीही ओरडायलाच निघाले होते, पट्टी घेऊन,
तेवढ्यात झैनब म्हणाली,
बाई, तुम्ही दार व्हा.

आता दार कसं व्हायचं हे मला
डीएडला कुणी शिकवलेलं नाही.
उभी राहिले. दोन्ही हात ताणून,
एक तळवा भिंतीला, एक कठड्याला.
खालून धूर आला, हुऽऽ करत,
आणि सगळे माझ्यावर येऊन आदळले.
पोटावर, कमरेवर मुठी.
उघडा! उघडा ना!
मला वाटलं हा खेळ आहे, हळू मारतील.
हळू नव्हते मारत.

मी दवाखान्यातल्या बाईंचं काहीच आठवलं नाही.
आठवली फक्त ती रात्र :
मी पलीकडच्या गल्लीत राहते,
आरडाओरडा ऐकला होता,
वाटलं लग्नाची वरात असेल,
कूस बदलली.
हे मी अजून घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

एक हात सोडला.
उघडलं, म्हटलं. जा.
रडत होते की काय कोण जाणे, आवाज घोगरा आला.

कुणी गेलं नाही.
रिद्धेश दारातच थांबला, मागे वळून खाली बघत.
ओजस राहिलाय, म्हणाला.
धूरही थांबला. धूर झालेल्या पोराने
तोंडावरचा रुमाल काढून घाम पुसला.
झैनब म्हणाली, बाई, लावू नका हं,
आम्ही थांबतोय.

मी नाही लावलं.
खांदा भरून आला, बोटांना मुंग्या आल्या,
खाली दळवी ताटल्या आपटत होता,
उसळीचा वास जिन्यात चढत होता,
आणि आम्ही सगळे वरच्या पायरीवर,
वाकून,
खालच्या वळणाकडे बघत.