समजा

डॉ. कुमुदिनी भडकमकरांचं पहिलं पुस्तक तपासलं तेव्हा
मला पानाला सव्वा रुपया मिळायचा.
'रिकाम्या डब्यांची बाजारपेठ'. दोनशे बारा पानं,
एकतीस तक्ते, तळटिपा इतक्या बारीक
की भिंगाला पापणी टेकायची.
तेलाचा डबा संपला की जातो कुठे,
भोक बुजवायचे किती, गंज घासायचे किती,
तोच डबा चौथ्यांदा विकला जातो तेव्हा
नफा कोणाचा,
सगळं नळबाजारात पायरीवर बसून मोजलेलं.
सत्तेचाळिसाव्या पानावर फिदाहुसेन टिनवाला,
वय एकसष्ट, बोटं सात.

त्रेसष्ट प्रती खपल्या.
उरलेल्या गठ्ठ्यांवर, ठाकूरद्वारच्या छापखान्यात
जिन्याखाली, मी दुपारचा डबा खायचो.

मग बाईंनी सूत्रं काढायला सांगितली.
"एका सूत्रामागे हजार वाचक पळतात, पेडणेकर."
मी लाल शाईनं काढली, एकेक,
मांदेलीतले काटे काढावेत तशी.
'पैसा पळतो कुठे', अकरा आवृत्त्या.
'खिशाचं व्याकरण', एकोणीस.
पार्ल्याच्या व्याख्यानाला बाहेर खुर्च्या मांडाव्या लागल्या.
बजेटच्या दिवशी त्या टीव्हीवर दिसत,
आमची ही म्हणायची, साडी तीच आहे.
कलिन्यातले जुने सहकारी 'लोकप्रिय' हा शब्द
असा उच्चारत, जसं कोणी हळूच सांगावं,
त्यांना हल्ली साखर निघालीय.

आणि टिनवाला
दुसऱ्या पुस्तकात 'नळबाजारातला एक बोहरी व्यापारी' झाला,
चौथ्यात 'एक व्यापारी'.
सहाव्यात: समजा, एक माणूस आहे.
समजा, त्याच्याकडे शंभर डबे आहेत.
बोटांचा प्रश्नच मिटला.

त्या पुस्तकात एकशे चौऱ्याऐंशी 'समजा' आहेत. मोजलेत मी.
बरीच वर्षं मला वाटायचं
बाई आम्हाला समजावताहेत.
समजा म्हणजे नुसतं धरून चाला,
हे उशिरा समजलं.

मजुरीच्या प्रकरणाशेजारी, समासात,
त्यांनी एकदा पेन्सिलीनं विचारलं होतं,
'तुम्हाला पानाला किती देतात?'
मी खाली 'अकरा' लिहिलं
आणि दोन्ही खोडरबरानं पुसलं.
छपाईला जाताना समास स्वच्छ लागतो.

गेल्या मार्गशीर्षात बाई जिना चढून आल्या,
दर चार पायऱ्यांनी थांबत.
नळबाजारात गेले होते, म्हणाल्या.
पायरी नाही आता, पत्रे ठोकलेत.
टिनवालाचा नातू मोबाइलची कव्हरं विकतो.
त्यानं विचारलं, दादाजींचं नाव किताबमध्ये आहे ना?
पिशवीतलं पुस्तक त्यानं घेतलं,
बोट फिरवत राहिला पानावर,
त्याला मराठी वाचता येत होतं.
बाईंना तिथे बसायला जागा नव्हती.

"नव्या आवृत्तीत नाव घाला."
प्रकाशक म्हणाले, एक ओळ वाढली की सगळं सरकतं,
परवडत नाही, मॅडम.
परवडणं या शब्दावर बाईंनी
चाळीस पानं लिहिली होती.
त्या गप्प राहिल्या.

रात्री थांबून मी ते केलं.
'समजा, एक माणूस आहे' खोडलं.
नाव घातलं, गल्ली घातली, वय, बोटं.
परिच्छेद फुगला. प्रकरणाचं शेवटचं वाक्य,
'भाव उतरेल, इतर परिस्थिती कायम राहिली तर',
एक्याण्णव पानात मावेना.
ब्याण्णव आधीपासून कोरंच होतं,
नवं प्रकरण उजवीकडून सुरू व्हायचं म्हणून.
त्याच्या माथ्यावर एकटा 'तर' जाऊन बसला.

असा सुटा शब्द आत ओढून घ्यायचा असतो,
पहिल्या वर्षी शिकवतात.
मी ओढला नाही.

कोऱ्या पानाचे पैसे मिळत नाहीत.
या वेळी बिलात ब्याण्णवही धरलं,
अठरा रुपये.
कोणी काही बोललं नाही.