थंड वाफ

लॅमिंग्टन रोडवरच्या माझ्या गाळ्यात,
जिथे दोन माणसं उभी राहिली
की तिसऱ्याने रस्त्यावरूनच बोलायचं,
कासम परकार आले, काखेत आगबोट घेऊन.
दोन वीत लांब. दूध पावडरच्या डब्याचा पत्रा,
सागाची डेक, तांब्याच्या नळीचं धुराडं.
"बाये, मोटरवर झकास चालते. पण वाफ नाही.
नात म्हणते, ही मेलेली बोट आहे."

आधी त्यांनी धुराड्यात ऊद जाळला होता. डेकला काळा डाग.
मग तारेचं वेटोळं, त्यावर ग्लिसरीन;
कापूस पेटला, वास आठवडाभर गादीत राहिला.
खराच बॉयलर का नाही? मी विचारलं.
अडतीस वर्षं जहाजांच्या पोटात काढलेला माणूस,
त्याला एवढंसं भांडं जमू नये?

त्यांनी बाही वर केली.
मनगटापासून कोपरापर्यंत
दुधावरच्या सायीसारखी कातडी.
"खरी वाफ दिसत नाही, बाये.
किटलीच्या तोंडाशी बघ कधी, बोटभर जागा रिकामी असते.
ती वाफ. पुढचं पांढरं, ते तिचं निवलेलं पाणी.
इंजिनरूममध्ये गळती नुसती ऐकू यायची, शिट्टीसारखी.
मग झाडूचा दांडा पुढे धरून चालायचं.
दांडा कापला गेला, की समजायचं, इथे.
एकदा दांडा आणायला मी गेलो नाही."

मी खण उघडला.
रुपयाएवढी चकती, पाच व्होल्टची.
तिच्यावर पाणी तापत नाही,
नुसतं थरथरत धुकं होऊन उडतं.
खाली कापसाची जाड वात.
पाणी बॅटरीवाल्याकडचं, नळाच्या पाण्याने पुटं चढतात.
सेल वेगळ्या कप्प्यात, फ्यूजसकट.
कोरडी चालवू नका, जळेल,
हे मी बिलाच्या पाठीवर लिहून दिलं.
ते म्हणाले, "नुसता ढग नको. आगबोट श्वास घेते."
मग शाफ्टवर एक उंचवटा बसवला,
फेऱ्यागणिक बटण दाबणारा.
पंखा क्षणभर फिरे, फस्स.
थांबून, फस्स.

रविवारी माझगावला, त्यांच्या गच्चीवर,
धुण्याच्या निळ्या टबात बोट सोडली.
मागे गोदीच्या क्रेन, शेजारणीच्या उशांचे अभ्रे.
धुराड्यातून पांढरा फुगा, मग दुसरा,
एप्रिलच्या उन्हात वीतभर चढून नाहीसा.
नाझनीन, वय सात,
तिने सरळ धुराड्यावर हात धरला.

परकारांनी तिचं मनगट असं खेचलं
की टब हिंदकळला, बोट आडवी होता होता राहिली,
आणि पोरगी भोकाड पसरून रडू लागली.
आत काय आहे ते त्यांना ठाऊक होतं.
वात त्यांनीच कापली होती.

बऱ्याच वेळाने त्यांनी आपला तो हात
धुराड्यावर नेला. साय ओलावली.
फस्स.
फस्स.
"गारच आहे," म्हणाले, जरा हिरमुसून.
मग मला पाण्याच्या टाकीमागे नेऊन,
नातीला ऐकू जाणार नाही अशा बेताने,
"थोडीशी कोमट करता येईल?"

नाही, मी म्हटलं.