नोंदवही

मुजावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पंधरा दिवस लिहा.
काय खाल्लं, किती वाजता, मग काय झालं.
गोळ्यांचं नंतर बघू.

बत्तीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभा आहे.
शाफ्ट सुताभर चुकला तर
आधी कानाला कळतं, व्हर्नियरला मागाहून.
स्वतःच्या पोटाचं माप मात्र
कधी घेतलं नव्हतं.
जुन्या जॉबकार्डांच्या कोऱ्या पाठी शिवून वही केली.

सोमवार. मिसळ, कट दोनदा मागून.
घाम: टाळूवर, कानामागं, डाव्या डोळ्याखाली.
नाक मोकळं.
पोट: गप्प.
विश्वास बसेना, म्हणून खाली पुन्हा लिहिलं, पोट गप्प.

मंगळवार. भडंग, वर कच्चा कांदा.
ढेकर चार. एक मालकासमोर.

बुधवारी मटण.
शेवंता म्हणाली, आज सापडतोय बघा चोर.
अख्खं घर तांबड्या रश्श्यावर संशय धरून.
तीन वाट्या ओरपल्या, घड्याळ समोर ठेवलं.
दहा. अकरा.
जीभ भणभणत राहिली, मग
कणसात दाणा भरावा तशी
झोप भरत गेली.

शुक्रवारी पहाटे गंगावेशीत.
कट्ट्यावर म्हशी, भांड्यात धार,
आधी टणटणीत, मग भांडं भरेल तसा मऊ होत जाणारा आवाज.
अण्णा बोटाला धरून इथंच आणायचे.
एका दमात, म्हणायचे,
आणि माझी फेसाची मिशी स्वतःच्या धोतरानं पुसायचे.
सव्वासहा: दूध, एक ग्लास.
सहा पन्नास: बेंबीभोवती कुणीतरी दोर वळतंय.
सात दहा: मी एका बंद दुकानाच्या पायरीवर, पट्टा सैल करून.

शनिवारी दूध नाही. कळ नाही.
रविवारी दूध. कळ.
सोमवारी नाही, नाही.
मशीन कुरकुरलं की असंच करतो आम्ही,
एकेक गिअर सोडवायचा
आणि ऐकायचं.

मग मागचं सगळं आठवत गेलं.
सहावीच्या पेपरला पोटात कळ. अण्णा म्हणाले, भित्रं हाय पोरगं.
स्वतःच्याच वरातीतून पळालो होतो मसाला दूध पिऊन,
मित्र अजून नक्कल करतात.
रात्रपाळीला निघताना शेवंता साय घालून द्यायची,
प्रेमानं,
आणि पहाटे मी मिरचीला शिव्या घालायचो.
चाळीस वर्षं शरीर एकच वाक्य बोलत होतं.
मी प्रत्येक वेळी दुसऱ्याचंच नाव ऐकलं.

आता हे सांगायचं कुणाला, ह्या गावात?
कट्ट्यावरचा गवळी तुकाप्पा हसला,
दूध बाधतंय? मग काय डांबर पिऊन वाढलासा व्हय?
मीपण हसलो.

तेराव्या दिवशी वैजूला फोन लावला, पिंपरीला.
ही लहान असताना दुधाचा पेला मोरीत ओतायची.
एकदा सापडली. एक चपराक.
त्यानंतर रोज मी समोर उभा,
तिचं नाक चिमटीत धरून.
चौथी ते सातवी.

वैजू, दूध प्यायल्यावर तुझ्या पोटात दुखायचं का गं?

पलीकडं कुकरची एक शिट्टी झाली.
मी सांगत होते की, बाबा.

एवढंच.
मग म्हणाली, जेवलासा का?

डॉक्टरीणबाईंनी वही सावकाश चाळली.
अक्षर छान आहे, म्हणाल्या.
दूध सोडा, दही-ताक थोडं थोडं घेऊन बघा.
मग तेराव्या पानावर त्यांचं बोट थांबलं.
आणि ही नोंद?

खाणं: काही नाही.
वेळ: संध्याकाळी सात चाळीस.
दुखणं: छातीपासून खाली, जागा नीट सांगता येत नाही.
थांबलं किती वाजता:

पुढं मी काही लिहिलं नव्हतं.