मानशीचं दार

पाटोच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर,
आमच्या खोलीला खिडकी नाही.
भिंतीवर मात्र दोनशे बारा,
प्रत्येकीत पणजीचा एकेक तुकडा,
आवाज काढून ठेवलेला.

रात्रपाळीला असते मी.
चर्चच्या पायऱ्यांवर उशिरापर्यंत कोण बसतं,
सांतिनेजच्या वळणावर कुणाची स्कूटर रोज बंद पडते,
सगळं ठाऊक असतं.
नाव विचारावं लागत नाही.
चेहऱ्याभोवती हिरवी चौकट येते
आणि नाव आपणहून चौकटीखाली येऊन उभं राहतं.

सुट्टीच्या दिवशी कांपालला
विराजचा हात हातात होता.
खांब दिसला, मी हात सोडला.
त्या वेळी ड्यूटीवर देविदास.
तो काही बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी चहा मात्र त्यानेच आणला.

खोटं कशाला बोलू,
एका रात्री रायबंदरहून निघालेल्या रुग्णवाहिकेपुढे
एकेक दिवा हिरवा करत गेलो आम्ही,
थेट बांबोळीपर्यंत.
कुठे ब्रेक लागला नाही.
पोर जगलं.
आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या
त्या बंद खोलीत, आमच्याकडे कुणी बघत नसताना.

मग ती अवसेची भरती.
मळ्यातून फोन, एवफेमियान रेबेलचा :
"बाय, सालात पाणी आलंय."
मी पडद्याकडे पाहिलं. ओहळ हिरवा.
"पातळी सामान्य आहे, काका."
"सामान्य? मग माझ्या चपला कोण घेऊन चाललंय?"

बाबा मानशीवर होता, चिंबलच्या खाजनात.
लाकडाची जाडजूड दारं.
भरती आली की पाणीच ती मिटायचं,
सुकतीला पाणीच उघडायचं.
ना वीज, ना पासवर्ड.
तरी अवस-पुनवेला कंदील घेऊन निघायचाच.
मी विचारायची, आपोआप चालतं ना, मग कशाला जातोस?
म्हणायचा, आपोआप चालतं, म्हणूनच.
कधी काटकी अडकते. कधी कुर्ली.
दाराला वाटतं, आपण मिटलो.

सलवार गुडघ्यावर खोचली,
भिंत देविदासच्या ताब्यात दिली
आणि ओहळात उतरले.
नळीच्या तोंडाला गुंडाळलेली दुधाची पिशवी,
आत चिखल, थर्माकोल,
कुणाच्या तरी वाढदिवसाचा चंदेरी कागद.
यंत्र खोटं बोलत नव्हतं.
त्याच्यापर्यंत पाणीच पोचलं नव्हतं.

पिशवी ओढून काढली.
वर कुठेतरी पडदा लाल झाला असेल,
पंप एकदम घरघरले,
आणि पाणी थोडं थांबून, विचार केल्यासारखं,
मागे सरायला लागलं.

खिशात फोन वाजला. देविदास.
"बाय, तू कॅमेऱ्यात आहेस.
चौकट पिवळी दाखवतेय. ओळख पटत नाही म्हणतंय,
संशयास्पद हालचाल.
नोंद करावीच लागेल. काय लिहू?"

चिखलाचा हात तोंडावरून फिरवला होता मी,
तेवढ्यानं मी कुणीच उरले नव्हते.
हसू आलं. आणि मग बरंच वाटलं,
ते सांगितलं नाही त्याला.

म्हटलं, लिही :
मानशीवर माणूस आहे.

त्यानं बराच वेळ शोधलं.
तसा रकाना नव्हता.