पोकळ ठिपका

ओउती म्हणाली, फक्त तांदळाच्या दाण्याएवढं.
मांडी बधिर करून तिनं सुई आत घातली
आणि बाहेर आलं ते खरंच तेवढंच होतं,
लालसर, ओलं, माझं.
तिनं ते काट्यावर ठेवलं, आकडा पुटपुटली,
मग धुरकट थंडीच्या भांड्यात बुडवलं.
खिडकीबाहेर युवास्क्यूलाचं सरोवर गोठून तीन महिने झालेले.
त्याहून कितीतरी थंड आहे हे, ती म्हणाली.
मी चौऱ्याहत्तर वर्षांची.
माझ्या मांडीचा एवढा मान आजवर कुणी ठेवला नव्हता.

सकाळी यंत्र. पाठ टेकायची, तळवे पत्र्याला लावायचे
आणि ढकलायचं. दहा वेळा. श्वास सोडत.
शेवटच्या दोन खेपांना पाय थरथरतात,
नुकत्या उभ्या राहिलेल्या वासरासारखे.
चार तासांनी पुन्हा सुई. उद्या पुन्हा.

तुला नक्की काय सापडायचंय, मी विचारलं.
दाह, ओउती म्हणाली. वजन रेटलं की स्नायू आतून दुखावतो,
मग काही विकरं कामाला लागतात.
एक म्हणे कायमचं, दुसरं हाकेला येणारं.
निदान पुस्तकात तसं आहे.
तुमच्या वयाच्या मांडीत कसं, ते बघायचंय.

मला चटकन कळलं.
कागद गिरणीत एकतीस वर्षं काढलीत मी.
कायमचे आम्ही. आणि कागद फाटला, लगदा सांडला
की रात्री दोनला फोन करून बोलावलेले.
ते यायचे, आरडाओरडा, वाफ, शिव्या,
उजाडता यंत्र सुरू आणि ते घरी.
कधी कधी मात्र ते जायचेच नाहीत.
मग काम थोडं आणि धुसफूस फार.
तेच, ओउती हसली, वय झालं की बहुधा तेच होतं.

अट एकच. बारा आठवडे दुखण्यावरची गोळी नाही.
गोळी त्या बोलावलेल्यांच्या तोंडावर दार लावते.
मी सही केली.

तौनोच्या गोळ्या स्वयंपाकघरातल्या खणात होत्या,
काड्यापेटी, सुतळी, मेणबत्त्या, त्यांच्या मागे.
आधी त्याची पाठ गेली, मग तोही गेला,
पाकिटात सहा उरल्या.
टाकवल्या नाहीत असं म्हटलं तर बरं दिसेल,
पण खरं म्हणजे तो खण मी फारसा उघडत नसे.

नवव्या आठवड्यात, मंगळवारी, वीज गेली.
मांडी ठणकत होती. पण तिच्यासाठी नाही.
मेणबत्ती चाचपडताना पाकीट हाताला लागलं
आणि अंधारात मी एक गोळी कोरडीच गिळली,
तो गिळायचा तशी, मान मागे टाकून.
कडू. बराच वेळ कडू.
पाच उरल्या.

गुरुवारी सुईआधी सांगून टाकलं.
न सांगता खपलं असतं,
तांदळाचा दाणा चुगली थोडाच करतो?
करत असेलही. त्यासाठीच तर तो गोठवतात.
ओउतीनं विचारलं, किती वाजता?
अकराच्या सुमाराला.
तिनं लिहून घेतलं. मग, हातमोजे चढवून झाल्यावर, का?
वीज गेली होती, मी म्हणाले.
तिनं तेही लिहिलं.

जूनमध्ये तिनं आलेख दाखवला.
चोवीस माणसं, चोवीस ठिपके,
रेघेभोवती चिलटांसारखे, काळे, भरीव.
एकच पोकळ.
हिशेबात न धरलेला, पण खोडलेलाही नाही.
ही मी ना?
नियमाप्रमाणे मला सांगता येत नाही, ओउती म्हणाली,
आणि त्याच्यावरचं बोट काही तिनं हलवलं नाही.

त्या संध्याकाळी सौनासाठी पाणी आणलं.
तळ्यापासून घरापर्यंत चढ आहे.
दोन बादल्या, दोन्ही काठोकाठ.
पूर्वी अर्ध्या आणायची, तरी बर्चखाली टेकायची.
रात्रीचे दहा वाजले होते आणि ऊन होतं.
पायरीवर बसून मी सुयांच्या खुणांवर अंगठा फिरवला,
आत कुठंतरी ठणका सुरू झालेला.
या, म्हटलं.
दार उघडं आहे.