जागल्या

सावद्याच्या बाहेर, फैजपूर रस्त्याला,
केळी पिकवायच्या अकरा खोल्या
आणि त्यांचा हिशेब ठेवणारा एक सर्व्हर,
जिन्याखालच्या पत्र्याच्या कपाटात, टेबलफॅनच्या वाऱ्यावर.
आज त्याची जुनी आवृत्ती काढून नवी चढवायची.
सव्वाअकरा. शेवटचा ट्रक भरून गेला.

भंगाळे सर सांगायचे :
पंगत उठेस्तोवर वाढप्याच्या हातची बादली ओढू नये.
म्हणून मी कुणाला मारत नाही, एकेकाला नुसतं सांगते,
हातातलं संपव, नवं घेऊ नकोस, मग थांब.
वजनकाट्याचा थांबला, शेवटचा क्रेट लिहून.
पावत्यांचा थांबला.
तापमान नोंदणारा जरा घुटमळला,
सात नंबरचा आकडा यायचा होता.
साडेसोळा. आला. थांबला.

यादीच्या तळाशी एक उरला.
नाव : जागल्या.
कुठल्याच वहीत त्याची नोंद नाही.
अखंड चालू, एक हजार चारशे सहा दिवस.
पडद्यावर प्रश्न : ही सेवा बंद करू?
भंगाळे सरांना विचारावं, तर
त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये अजून आहे, एवढंच.

होय दाबलं.
तो लगेच थांबला,
कुणीतरी म्हणायचीच वाट बघत असल्यासारखा.

बारा वाजून दहाला जिन्यावर बॅटरीचा उजेड.
सुपडूभाऊ, कानटोपी, काठी.
"ताई, फोन नही वाजला."
कोणता फोन?
"दर तासाले वाजतो ना. मंग मी चार नंबरच्या दाराशी जातो,
वास घेतो. गॅस जास्त वाटला तं दार लोटतो,
नही तं एकचं बटन दाबतो. त्या सालापासून."

कुठलं साल, ते त्याने सांगितलं नाही.
चार नंबरच्या चौकटीवरचा काळा पट्टा
मी रोज बघते, रंग समजत होते.

"भंगाळेसाहेब लावता फोन. बोलत नही कधी.
साहेब गेले तं बी येतोच.
घरी कोनालेच नही सांगलं मी."

मी कीबोर्डवरची धूळ पुसत राहिले.

पावणेदोनला नवी आवृत्ती चढली.
आधी डेटाबेस उठला, मग त्याच्या जिवावर जगणारे
एकामागून एक.
जागल्या उठला नाही.
त्याची बोली नव्याला कळेना,
आणि त्याच्या आत सरांनी लिहिलेल्या ओळी
अर्ध्या रात्री उकलण्यासारख्या नव्हत्या.
एक नंबर मात्र सापडला, दहा आकडी.

दोन वाजता ऑफिसच्या लाईनीवरून तो लावला.
काही बोलले नाही.
पलीकडे चपला, कडी,
नाकाने ओढलेला मोठा श्वास,
आणि मग बटन. एक.

तीनला परत.
चारला माझा डोळा लागला होता,
सहा मिनिटं उशिरा लावला.

चपला. कडी. श्वास.
बटन दाबायच्या आधी सुपडूभाऊ म्हणाला,
"उशीर झाला आज, साहेब."